फुलाला थांबवणारे जनुक

फांदीचा शेंडा वर्षानुवर्षे वाढत राहू शकतो. फूल मात्र ठरावीक भाग तयार झाले की थांबते. वनस्पतिशास्त्र मी महाविद्यालयात शिकलो नाही. जे वाचले ते हौसेने. कळीतले अन्न संपत असेल म्हणून वाढ थांबत असेल, अशी माझी बरीच वर्षे समजूत होती. ती चुकीची होती.

खरे उत्तर मिळाले ते मोहरीच्या कुळातल्या अरॅबिडॉप्सिस या इवल्या रोपात. त्याच्या फुलात बाहेरून आत ४ निदले, ४ पाकळ्या, ६ पुंकेसर आणि मधोमध दोन स्त्रीकेसर जुळून झालेला अंडाशय असतो. हे सारे कळीच्या टोकाशी असलेल्या मोजक्या मूलपेशींतून घडते. ‘वुशेल’ हे जनुक चालू असेपर्यंत या मूलपेशी टिकून राहतात.

वुशेलला बंद पाडण्यामागे ‘अ‍ॅगॅमस’ हे जनुक असते. ते बिघडले तर पुंकेसरांच्या जागी पाकळ्या येतात, अंडाशयाच्या जागी नवे फूल, त्याच्या आत आणखी एक. दिसायला भरगच्च, पण बी एकही नाही. गंमत अशी, की अ‍ॅगॅमसला चालू करण्यात वुशेलचाच हात असतो, हे २००१ मध्ये सिद्ध झाले. म्हणजे मूलपेशी आपल्या शेवटाची तयारी स्वतःच करतात.

मग वुशेल लगेच का बंद होत नाही? तसे झाले तर अंडाशय घडायला पेशीच उरणार नाहीत. म्हणून मध्ये ‘नकल्स’ हे तिसरे जनुक आहे. त्यावर पॉलिकोम्ब गटातल्या प्रथिनांनी ‘बंद’ अशा रासायनिक खुणा केलेल्या असतात. अ‍ॅगॅमस त्या प्रथिनांना तिथून हटवते. नव्या खुणा होत नाहीत आणि जुन्या प्रत्येक पेशीविभाजनात वाटल्या जाऊन विरळ होतात. साधारण दोन दिवसांनी नकल्स जागे होते आणि वुशेलला बंद करते. सिंगापूरमध्ये तोशिरो इतो यांच्या गटाने केलेले हे काम २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. पेशी इथे विभाजनांच्या हिशेबाने वेळ मोजतात!

गुलाबाच्या वाढलेल्या पाकळ्यांचा संबंधही अ‍ॅगॅमसच्या जातकुळीतल्या जनुकाचे क्षेत्र आकसण्याशी आढळला आहे. आपण अशी फुले कौतुकाने कलमे करून जपतो. पण ताटातली ज्वारी, तूर, तीळ हे सारे दाणे वेळेवर थांबलेल्या फुलांचे आहेत.