नवी चित्रफीत, जुनी तबकडी

मोडी लिपीतील एखादा जुना कागद केवळ बाळबोध लिपी शिकलेल्या माणसाच्या हाती दिला, तर भाषा मराठी असूनही तो त्याला वाचता येत नाही. कागद फाटलेला नसतो, वाचणाऱ्याची दृष्टीही अधू नसते. दोहोंमध्ये आड येते ती फक्त लिपी. आजच्या चित्रफिती आणि काही वर्षांपूर्वीचे डीव्हीडी प्लेअर यांच्यामध्ये अशीच अडचण उभी आहे.

नातीच्या लग्नाचे चित्रण पुण्याहून इंदूरला किंवा बडोद्याला आजी-आजोबांकडे जाते. मोबाइलच्या लहानशा पडद्यावर त्यांची नजर ठरत नाही. मात्र घरातल्या जुन्या प्लेअरची चार बटणे त्यांना पाठ असतात. म्हणून कोणी ती फाइल जशीच्या तशी तबकडीवर उतरवून देतो. तबकडी आत जाते, क्षणभर फिरते आणि पडद्यावर ती वाचता येत नसल्याची सूचना उमटते. यंत्र बिघडले असा निष्कर्ष निघतो आणि चांगला चालणारा प्लेअर भंगारात जातो. दोष मात्र यंत्राचा नसतो.

चित्रफीत म्हणजे एकापाठोपाठ येणाऱ्या स्थिर चित्रांची मालिका होय. प्रत्येक चित्र संपूर्ण साठवू गेल्यास कितीही जागा अपुरी पडेल. म्हणून सारे चित्र पुनःपुन्हा न लिहिता, मागील चित्राहून जेवढे बदलले तेवढेच बहुतांशी लिहून ठेवतात. लग्नमंडप जागच्या जागी असतो, अंतरपाट तेवढा हलतो. मग मंडप दरवेळी कशाला लिहावा? हा संक्षेप करण्याच्या ठरलेल्या पद्धतीस ‘कोडेक’ म्हणतात. १९९६ साली जपानमध्ये बाजारात आलेल्या डीव्हीडीने ‘एमपेग-२’ ही पद्धत स्वीकारली. २००३ साली प्रमाणित झालेली ‘एच. २६४’ आणि २०१३ सालची ‘एच. २६५’ या पद्धती कितीतरी अधिक काटकसरी आहेत. पण ती काटकसर उलगडण्यास गणितही अधिक लागते. जुन्या प्लेअरमधील चिप एमपेग-२ उलगडण्यासाठीच घडविलेली असल्यामुळे नवी लिपी तिला सहसा शिकविता येत नाही.

येथे एक गैरसमज दूर करावयास हवा. फाइलच्या नावापुढील ‘एमपी४’ ही अक्षरे केवळ वेष्टनाची खूण होत. ती खोडून दुसरी घातल्याने आतील मजकूर बदलत नाही. मोडी बखरीच्या पुठ्ठ्यावर ‘बाळबोध’ असे लिहिल्याने ती बाळबोध होत नाही, तसेच हे. आतील चित्रांचे संकेतनच नव्याने करावे लागते.

त्याची मापे ठरलेली आहेत. भारतात रूढ असलेल्या ‘पाल’ पद्धतीच्या डीव्हीडीसाठी चित्र ७२० × ५७६ बिंदूंचे आणि गती सेकंदास २५ चित्रांची लागते. ध्वनी ‘एसी-३’सारख्या मान्य स्वरूपात, सेकंदास ४८,००० नमुन्यांचा असावा लागतो. अमेरिकेतील नातलगांच्या प्लेअरसाठी हीच मापे ७२० × ४८० बिंदू आणि सेकंदास सुमारे ३० चित्रे अशी होतात. एफएफएमपेग या विनामूल्य संगणकप्रणालीत ही सर्व मापे एकाच आज्ञेने लागू करण्याची सोय आहे. त्यानंतर डीव्हीडी-स्टायलरसारख्या प्रणालीने प्लेअरला अपेक्षित असलेली रचना करून, ती तबकडीवर उतरवून, अखेरीस तबकडी ‘फायनलाइझ’ करावी लागते. हे शेवटचे पाऊल राहून गेले, तर पुष्कळ प्लेअर ती तबकडी स्वीकारीत नाहीत.

तबकडीवर किती वेळाचे चित्रण मावेल, हेही आधी पाहावे. एकपदरी डीव्हीडीत ४.७ अब्ज बाइट मावतात. दोन तासांचे चित्रण असल्यास सेकंदाच्या वाट्यास सुमारे ५२ लाख बिट येतात व चित्र समाधानकारक दिसते. चार तास कोंबले, तर वाटा निम्म्यावर येतो आणि हालचालींच्या जागी चौकटी-चौकटी दिसू लागतात. अशा वेळी दोन तबकड्या कराव्यात, हे शहाणपणाचे.

ज्या प्लेअरवर ‘डिवएक्स’ची खूण व यूएसबीची खाच असते, तेथे श्रम थोडे वाचतात. तो एमपेग-४ची जुनी शाखा वाचतो. त्या स्वरूपातील ‘एव्हीआय’ फाइल पेनड्राइव्हवरून चालू शकते. पण एच. २६४ त्यालाही बहुधा परकीच असते. म्हणून प्रथम यंत्राची माहितीपुस्तिका चाळावी.

या रूपांतरात काही गमवावेही लागते. मोबाइलवरील १९२० × १०८० बिंदूंच्या चित्राचे ७२० × ५७६ मध्ये रूपांतर झाले, की बिंदूंची संख्या बरोबर एक-पंचमांश उरते. शालूच्या काठावरील बारीक नक्षी पुसट होते, आणि ही हानी पुढे कोणत्याही उपायाने भरून येत नाही. शिवाय घरी लिहिलेल्या तबकडीतील रंगद्रव्याचा थर ऊन व उष्णता यांनी कालांतराने विटतो.

म्हणून तबकडी झाल्यावर मूळ फाइल पुसून टाकणे, ही या प्रकरणातील सर्वांत मोठी चूक होय. मोडी कागदाचे बाळबोध लिप्यंतर झाले म्हणून कोणी मूळ कागद जाळीत नाही. तबकडी आजी-आजोबांसाठी असते. मूळ फाइल दोन निरनिराळ्या ठिकाणी जपून ठेवावयाची, ती त्या नातीच्या मुलांसाठी. त्यांच्या घरी कोणते यंत्र असेल, हे आज कोणासच सांगता येणार नाही.