रानपिंगळ्याचा शोध व छायाचित्राची साक्ष

गावाच्या वेशीवरील जुन्या झाडाच्या ढोलीत राहणारा आणि दिवेलागणीस किरकिरणारा पिंगळा खेड्यातील प्रत्येक मुलाच्या परिचयाचा असतो. त्याच कुळातील व जवळजवळ त्याच आकाराचा, परंतु अत्यंत दुर्मिळ असा रानपिंगळा सातपुड्याच्या सागवनात राहतो. हा पक्षी शंभराहून अधिक वर्षे शास्त्रज्ञांच्या दृष्टीआड राहिला. त्याच्या शोधाची हकीकत पक्षिनिरीक्षणाची व छायाचित्रणाची आवड असणाऱ्या शिक्षकांस उपयोगी पडण्याजोगी आहे.

रानपिंगळ्याचा पहिला नमुना १८७२ साली, आज छत्तीसगडात मोडणाऱ्या फुलझर भागात, ब्ल्यूइट यांस मिळाला. पुढील वर्षी ह्यूम यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. १८८५ साली राष्ट्रीय सभेच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ते हेच ह्यूम होत. त्यानंतर डेव्हिडसन नावाच्या अधिकाऱ्याने खानदेशात काही नमुने गोळा केले. असे सर्व मिळून अवघे सात नमुने संग्रहालयांत राहिले. त्या काळी पक्षी मारून, त्याचे कातडे भरून व पायास स्थळ-काळाची चिठ्ठी बांधून ठेवण्याची रीत होती. कारण पुराव्याचे दुसरे साधन नव्हते. १८८४ नंतर मात्र रानपिंगळ्याचा विश्वसनीय नमुना मिळाला नाही.

एका नमुन्याच्या चिठ्ठीवर मात्र १९१४ हे साल व गुजरातेतील मांडवी हे ठिकाण लिहिलेले होते. तो माइनर्ट्झहागेन या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याच्या संग्रहातील होता. पामेला रासमुसेन यांनी नमुन्यांची बारकाईने तपासणी केली, तेव्हा हा पक्षी मुळात डेव्हिडसन यांनीच भरलेला असून तो चोरून, नव्याने भरून, त्यास खोटी चिठ्ठी लावली असल्याचे उघडकीस आले. कातडे भरण्याची प्रत्येकाची हातोटी निराळी असते. तीच येथे साक्षीदार ठरली. चोरीपेक्षाही खोट्या स्थळाने झालेले नुकसान मोठे होते. पक्षी जेथे कधी सापडलाच नव्हता तेथे अभ्यासकांनी त्याचा शोध घ्यावा, असा त्या चिठ्ठीचा परिणाम होता.

खोटी चिठ्ठी बाजूस सारून रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड ॲबट हे तिघे खऱ्या चिठ्ठ्यांवरील ठिकाणी गेले. प्रथम पूर्वेकडील रानांत त्यांस अपयश आले. पुढे २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळच्या डोंगरपायथ्याशी, भर दिवसा, उघड्या झाडावर रानपिंगळा बसलेला आढळला. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होते; नंदुरबार जिल्हा १९९८ साली झाला. पक्ष्याची छायाचित्रे व चलच्चित्रे घेण्यात आली. ११३ वर्षांनी पुन्हा दिसलेल्या पक्ष्याचा पुरावा देण्यासाठी या वेळी एकही पक्षी मारावा लागला नाही.

छायाचित्र असले म्हणजे निर्णय झाला, असे मात्र नव्हे. मधल्या काळात रानपिंगळा म्हणून छापलेले एक छायाचित्र पुढे साध्या पिंगळ्याचे ठरले. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर ठळक पांढरे ठिपके असतात; रानपिंगळ्याचे डोके जवळजवळ बिनठिपक्याचे असते. छातीचा वरचा भाग एकसारखा तपकिरी, पंखांवर व शेपटीवर रुंद पट्टे, आणि पायांवर दाट पांढरी पिसे, या त्याच्या खुणा होत. म्हणून एकाच सुंदर चित्रावर समाधान न मानता डोके, छाती, शेपटी व पाय निरनिराळ्या बाजूंनी टिपावे. रानपिंगळा दिवसाही शिकार करतो, त्यामुळे सकाळच्या उजेडात हे काम साधते. चित्राबरोबर तारीख, वेळ, ठिकाण, झाड व पक्ष्याचे वर्तन वहीत त्याच दिवशी लिहावे. शंका असल्यास ‘शंका’ असाच शब्द लिहावा. शाळेच्या नोंदवहीत शंकेला कमीपणा मानण्याचे कारण नाही.

ढोलीच्या बाबतीत निराळी सावधगिरी लागते. पक्ष्याच्या आवाजाचे ध्वनिमुद्रण वाजविल्यास, प्रतिस्पर्धी आला असे समजून तो समोर येतो व चित्र सहज मिळते. परंतु तेवढा वेळ पिलांचे दुर्लक्ष होते. घरट्यासमोर प्रखर दिवा लावणे किंवा आडोशाच्या फांद्या तोडणे हेही वर्ज्य समजावे. घुबडाविषयीच्या खुळ्या समजुती आणि जादूटोणा यांपायी या कुळातील पक्षी मारले जातात. सबब ढोलीचे नेमके ठिकाण वनखात्यास कळवावे, परंतु चारचौघांत सांगू नये. या पक्ष्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे.

शहाद्यानंतर तोरणमाळ, मेळघाट व मध्य प्रदेशातील खांडव्याकडील रानांतही रानपिंगळा आढळला. सह्याद्रीकडे तो असेल, असे फारसे कोणाच्या मनात नव्हते. २०१४ साली ठाणे जिल्ह्यातील तानसा अभयारण्यात तो दिसला आणि त्याची छायाचित्रे मिळाली, तेव्हा त्याच्या वसतिस्थानांचा नकाशा एकदम बराच दक्षिणेस सरकला.