चित्रफितीची पेटी आणि आंतील माल

श्रोत्यांपैकीं पुष्कळांचा असा अनुभव असेल, कीं घरच्या लग्नाची चित्रफीत संगणकावर उघडत नाहीं, म्हणून ती कोणाकडून तरी ‘बदलून’ आणावी, तों चेहरे किंचित पुसट झालेले असतात. आणि मूळ फाइल तोंवर पुसून टाकलेली असते. हें नुकसान बहुधा टाळतां येण्यासारखें असतें.

एमपी-फोर, एमकेव्ही हीं नांवें केवळ पेटीचीं होत. पेटींत चित्राचा एक प्रवाह, ध्वनीचा दुसरा, कधीं उपशीर्षकांचा तिसरा असतो. चित्राचा प्रवाह दाबून बसविण्याची फार प्रचलित पद्धति म्हणजे २००३ सालची एच. २६४. डोळ्यांस सहसा न जाणवणारा तपशील टाकून देऊन ती जागा वाचविते. तेंच चित्र उलगडून पुन्हां दाबलें, कीं आणखी तपशील जातो; गेलेला परत येत नाहीं.

पण पुष्कळदां दोष मालांत नसून पेटींत असतो. अशा वेळीं फाब्रिस बेलार या फ्रेंच गृहस्थांनीं २००० सालीं सुरू केलेलें ‘एफएफएमपेग’ हें विनामूल्य साधन उपयोगी पडतें. त्यास बटणें नाहींत. आज्ञा रोमन अक्षरांत टाइप करावी लागते, म्हणून नवखा मनुष्य बिचकतो. रचना मात्र साधी आहे. प्रथम साधनाचें नांव, मग आडवी रेघ व ‘आय’, त्यापुढें मूळ फाइल, आणि शेवटीं नव्या फाइलीचें नांव. त्या नांवापूर्वीं रेघ देऊन ‘सी कॉपी’ घातलें, कीं प्रवाह न उलगडतां जसेच्या तसे नव्या पेटींत जातात. (संगणकाचा पंखा तासभर घरघरत राहिला, तर हे शब्द राहून गेले असें खुशाल समजावें!) ध्वनि दोन भाषांत असल्यास ‘मॅप ०’ हेंही हवें, एरवीं साधन एकच ध्वनि उचलतें.

एमपी-फोर पेटींत मालाची यादी असते व ती सहसा सर्वांत शेवटीं लिहिली जाते. चित्रण चालू असतां मोबाइल बंद पडला, तर पुष्कळदां यादीच नसते. तेथें नुसती पेटी बदलून भागत नाहीं. परगांवच्या नातलगांस फीत उतरत असतांनाच पाहतां यावी, यासाठीं ‘फास्टस्टार्ट’ ही सूचना यादी पुढें आणते.

प्रत्येक प्रवाह प्रत्येक पेटींत मावत नाहीं. मग पुन्हां दाबणें भाग पडतें. त्याच नांवाची फाइल आधींच असल्यास साधन ती पुसण्यापूर्वीं विचारतें. ‘वाय’ ही खूण घातल्यास विचारीत नाहीं.