आभासी खेळाची खोली : आखणी अचूक, तर वावर सुरक्षित

आभासी वास्तवाचा हेडसेट डोळ्यांवर चढवला की दिवाणखाना क्षणात नाहीसा होतो. नजरेसमोर डोंगरकडा येतो, किल्ल्याचा तट उभा राहतो किंवा मुष्टियुद्धाचे रिंगण दिसू लागते. टीपॉय, कपाट, टीव्ही आणि छताचा पंखा मात्र जागच्या जागीच असतात. डोळ्यांना दिसणारी जागा आणि पायांखालची जागा यांत पडलेले हे अंतर किती महाग पडू शकते, हे डिसेंबर २०१७ मध्ये मॉस्कोतील एका घटनेने दाखवून दिले. हेडसेट घालून घरात वावरणारा ४४ वर्षांचा एक पुरुष काचेच्या टेबलावर कोसळला आणि रक्तस्रावाने मरण पावला, असे रशियन तपास यंत्रणेने त्या वेळी जाहीर केले होते. अशी घटना विरळाच. पण खरचटलेली बोटे, भिंतीवर आपटलेली मनगटे आणि फुटलेले टीव्हीचे पडदे हे या छंदाचे नेहमीचेच भोग आहेत. त्यांतील बरेचसे खेळण्यापूर्वीच्या दहा मिनिटांच्या तयारीने टाळता येतात.

यंत्राला जागा कळते कशी?

वापरकर्त्याचे डोके खोलीत नेमके कुठे आहे आणि कोणत्या दिशेला वळले आहे, हे यंत्राला सतत ठाऊक असावे लागते. १९६८ मध्ये आयव्हन सदरलँड यांनी तयार केलेल्या आद्य हेडसेटमध्ये हे काम छताला टांगलेल्या यांत्रिक दांड्याकडे होते. डोके हलले की दांडा हले आणि त्याच्या सांध्यांवरून स्थान मोजले जाई. आज त्यासाठी मुख्यतः दोन पद्धती वापरल्या जातात.

पहिली पद्धत २०१६ मध्ये बाजारात आलेल्या एचटीसी व्हाइव्हची. तिच्यात खोलीच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांत दोन छोटी केंद्रे बसवतात. ती अवरक्त लेसरचे झोत खोलीभर ठरावीक गतीने फिरवतात. हेडसेटवरील संवेदकांना झोत कोणत्या क्षणी लागला, यावरून कोन काढला जातो आणि अनेक कोनांवरून स्थान निश्चित होते. दीपगृहाचा झोत डोळ्यांवर येण्याची वेळ मोजून आपली दिशा ओळखावी, तसाच हा हिशेब. या रचनेचे नावही ‘लाइटहाउस’ असेच आहे.

दुसऱ्या पद्धतीत बाहेर काहीच बसवावे लागत नाही. २०१९ मध्ये आलेल्या ऑक्युलस क्वेस्टपासून ती घरोघरी पोहोचली. हेडसेटवरील कॅमेरे खोलीतील ठळक खुणा हेरतात : चौकटीचा कोपरा, पुस्तकांच्या कडा, भिंतीवरील दिनदर्शिका. त्यांच्यावरून यंत्र खोलीचा नकाशा मनात धरते. त्याच्या जोडीला हालचाल मोजणारे ॲक्सेलरोमीटर आणि जायरोस्कोप असतात.

कॅमेरे का लागतात, हे साध्या गणिताने कळते. ॲक्सेलरोमीटर त्वरण मोजतो आणि स्थान काढायला त्या मापाची दोनदा बेरीज करावी लागते. त्यामुळे चूक काळाच्या वर्गाच्या प्रमाणात फुगते. मापात सेकंदवर्गाला केवळ एक सेंटिमीटरची चूक असली, तर दहा सेकंदांत स्थान अर्ध्या मीटरने आणि मिनिटभरात तब्बल १८ मीटरने चुकते. कॅमेरा किंवा लेसरचा झोत ही चूक सेकंदातून अनेक वेळा पुसून टाकतो. तो आधार तुटला की आभासी जग सरकू लागते आणि त्याबरोबर सुरक्षिततेची सीमाही सरकते.

सीमा आणि हातभर राखण

वापरकर्ता खोलीच्या कडेला पोहोचला की डोळ्यांसमोर जाळीसारखी भिंत उमटते. व्हाइव्हमध्ये तिला ‘शॅपरोन’ म्हणत, तर क्वेस्टमध्ये ती ‘गार्डियन’ नावाने ओळखली गेली. ही भिंत आखून द्यावी लागते. तिथेच पहिली चूक होते. जास्तीत जास्त जागा मिळावी म्हणून अनेक जण ती खऱ्या भिंतीला चिकटवून आखतात.

दिसलेल्या गोष्टीला शरीराने प्रतिसाद द्यायला सुमारे पाव सेकंद लागतो. सेकंदाला एक मीटर वेगाने चालणारा माणूस तेवढ्यात २५ सेंटिमीटर पुढे जातो. ठोसा मारताना हात सेकंदाला तीन मीटर वेगाने निघाला, तर तो पाऊण मीटर पुढे गेलेला असतो. जाळी वेळेत दिसते, पण हात वेळेत थांबत नाही. म्हणून सीमा भिंतीपासून, कपाटापासून आणि पलंगाच्या कडेपासून किमान हातभर, म्हणजे सुमारे दीड फूट, आत आखावी. मुष्टियुद्ध किंवा टेनिससारख्या खेळांसाठी याहूनही जास्त.

दहा फूट लांब आणि तितकीच रुंद मोकळी खोली सर्व बाजूंनी दीड फूट सोडल्यावर जेमतेम सात फुटांची उरते. चालत-फिरत खेळण्यासाठी उत्पादक साधारणतः दोन मीटर लांबी-रुंदीची मोकळी जागा सुचवतात. सात फूट म्हणजे त्याहून थोडेच अधिक. त्या खोलीत पलंग असेल, तर हिशेब तिथेच संपला. अशा वेळी राखण कमी करण्यापेक्षा एका जागी उभे राहून किंवा बसून खेळण्याचा पर्याय निवडणे शहाणपणाचे.

आखलेली सीमा कायमची नसते. खुर्ची सरकली किंवा कपाटाची जागा बदलली, तरी यंत्राची जुनी आखणी तशीच राहते. लेसरची केंद्रे बसवलेली असतील, तर एखादे केंद्र किंचित हलले तरी मोजणी पुन्हा करावी लागते. म्हणून ती डोक्याहून उंच, सुमारे साडेसहा फुटांवर, खाली झुकवून पक्की बसवावीत. हलणाऱ्या फळीवर किंवा ध्वनिवर्धकाच्या डोक्यावर ठेवू नयेत.

जमिनीची पातळी

सीमेइतकीच महत्त्वाची, पण दुर्लक्षित राहणारी गोष्ट म्हणजे जमिनीची उंची. यंत्राने ती चुकीची धरली असेल, तर आभासी फरशी खऱ्या फरशीच्या वर किंवा खाली जाते. ती खाली गेलेली असेल, तर पडलेली वस्तू उचलायला वाकणाऱ्याची बोटे वस्तूपर्यंत पोहोचण्याआधीच खऱ्या लादीवर आपटतात. वर आलेली असेल, तर वापरकर्ता स्वतःला बुटका भासतो आणि तोल सांभाळताना गोंधळतो.

तपासणी सोपी आहे. हेडसेट घालून कंट्रोलर जमिनीवर ठेवावा आणि त्याची आभासी प्रतिमा पाहावी. ती फरशीवर टेकलेली दिसली, तर पातळी बरोबर. अधांतरी दिसली किंवा जमिनीत रुतलेली दिसली, तर उंची पुन्हा निश्चित करावी. सतरंजी किंवा गालिचा नव्याने अंथरला असल्यास हे आवर्जून करावे.

प्रकाश : कमी नको, थेट ऊनही नको

कॅमेऱ्यांवर चालणाऱ्या हेडसेटला अंधारात दिसत नाही. पावसाळ्यात रात्री वीज गेली, तर बॅटरीवरचा हेडसेट चालू राहतो, पण त्याला खोली दिसेनाशी होते. अशा वेळी जागच्या जागी थांबून हेडसेट काढावा. अंदाजाने एकही पाऊल टाकू नये.

दुसरे टोक उन्हाचे. हेडसेटची भिंगे भिंगच असतात. खिडकीतून किंवा बाल्कनीतून आलेले ऊन त्यांतून एकवटून आतील पडद्यावर पडले, तर थोड्याच वेळात कायमचे डाग उमटतात. म्हणून हेडसेट खिडकीजवळ ठेवू नये आणि गच्चीवर किंवा अंगणात दिवसा वापरू नये. भिंगे कोरड्या, मऊ मायक्रोफायबर कापडाने पुसावीत. सॅनिटायझर किंवा अल्कोहोल त्यांना लावू नये.

मोठा आरसा, चकचकीत काच आणि कपाटाचे आरशाचे दार कॅमेऱ्यांना फसवतात, कारण त्यांत दिसणारी खोली यंत्राला खरी वाटते. आरशावर चादर टाकली की काम भागते. पूर्ण कोऱ्या पांढऱ्या भिंतीही अडचणीच्या. दोन-चार चित्रे लावली की यंत्राला खुणा मिळतात. अनेक कंट्रोलरवर छोटे अवरक्त दिवे असतात आणि कॅमेरे त्यांच्यावरून हात ओळखतात. त्यामुळे चतुर्थी, दिवाळी किंवा नाताळात लावलेल्या बारीक दिव्यांच्या माळा खेळापुरत्या विझवाव्यात.

आपल्याकडील वीजपुरवठा ५० हर्ट्झचा आहे, अमेरिकेत तो ६० हर्ट्झचा. अनेक दिवे त्या लयीत सूक्ष्म लुकलुकतात. ते डोळ्यांना जाणवत नाही. कॅमेऱ्याला मात्र जाणवते. क्वेस्टसारख्या हेडसेटमध्ये यासाठी स्वतंत्र सेटिंग आहे. परदेशातून नातेवाइकांनी आणलेला हेडसेट इथे अकारण थरथरणारे चित्र दाखवत असेल, तर ते सेटिंग ५० हर्ट्झवर किंवा स्वयंचलित आहे का, हे आधी पाहावे.

छताचा पंखा आणि पायांखालची चटई

परदेशी माहितीपुस्तिकांत क्वचितच ठळकपणे येणारा आणि आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक खोलीत असणारा धोका म्हणजे छताचा पंखा. साडेपाच फूट उंचीच्या माणसाचा ताणलेला हात सात फुटांच्या आसपास पोहोचतो. हातात कंट्रोलर असला किंवा खेळाच्या भरात त्याने उडी मारली, तर सदनिकेतील पंख्याची पाती दूर राहत नाहीत. जुन्या घरांच्या उंच छतांखाली ही भीती कमी, सदनिकांमध्ये जास्त. जमिनीवर आखलेली सीमा वरच्या बाजूचे काहीच सांगत नाही. म्हणून पंखा खेळक्षेत्राच्या मध्यावर येणार नाही, असे पाहावे किंवा तो बंद ठेवावा.

त्याऐवजी सीमेबाहेर एका बाजूला टेबल फॅन लावणे सोयीचे. घाम आणि भिंगांवरची वाफ कमी होतेच, शिवाय वारा कोणत्या बाजूने लागतो यावरून वापरकर्त्याला खोलीतील दिशा कळत राहते. दुसरी युक्ती पायांसाठी आहे. खेळक्षेत्राच्या मध्यभागी न सरकणारी छोटी चटई ठेवावी. खेळताना माणूस नकळत पुढे सरकत जातो. चटईची कड तळव्याला लागली की तो मध्यापासून ढळल्याचे डोळ्यांची मदत न घेता समजते. गुळगुळीत फरशीवर मोजे घालून खेळू नये आणि कंट्रोलरची दोरी मनगटात अडकवल्याशिवाय खेळ सुरू करू नये.

यंत्राने आखणी केली त्या वेळी खोलीत नसलेले मूल किंवा मांजर नंतर आत आले, तर जुनी सीमा त्याची दखल घेत नाही. काही नवे हेडसेट सीमेत शिरलेल्या माणसाची किंवा प्राण्याची आकृती दाखवतात. तरी दार लोटून घेणे आणि घरच्यांना सांगून खेळणे हाच भरवशाचा उपाय. आवाज इतकाच ठेवावा की हाक ऐकू यावी.

माणसाचेही माप हवे

खोलीप्रमाणे हेडसेटही वापरणाऱ्याच्या मापाचा करून घ्यावा लागतो. प्रौढांच्या दोन बाहुल्यांमधील अंतर सरासरी ६३ मिलिमीटर असते, पण ते व्यक्तीगणिक बदलते. भिंगांमधील अंतर त्याच्याशी जुळले नाही, तर चित्र धूसर दिसते, डोळे शिणतात आणि अंतराचा अंदाज चुकतो. एकच हेडसेट घरातील चार जण वापरत असतील, तर प्रत्येक वेळी हे अंतर जुळवून घ्यावे.

अर्ध्या तासाच्या खेळानंतर १० ते १५ मिनिटांची विश्रांती घ्यावी, असा उत्पादकांचा सल्ला असतो. मळमळ किंवा चक्कर जाणवली, तर ‘सवय होईल’ म्हणत रेटू नये. खेळ थांबवावा आणि पूर्ण बरे वाटेपर्यंत वाहन चालवू नये. अपस्माराचा त्रास असणाऱ्यांनी वैद्यकीय सल्ल्याशिवाय हेडसेट वापरू नये. मुलांसाठी कंपनीने घातलेली किमान वयाची अट खरेदीपूर्वीच वाचावी, कारण ती प्रत्येक कंपनीची वेगळी असते.

हेडसेट चढवण्यापूर्वीची अखेरची तपासणी उघड्या डोळ्यांची असावी. खेळक्षेत्राच्या मध्यावर उभे राहून दोन्ही हात ताणावेत आणि सावकाश एक गिरकी घ्यावी, मग हात वर करून तीच पुन्हा घ्यावी. हाताला काही लागले, तर ती वस्तू हलवावी किंवा सीमा आत घ्यावी. त्यानंतर हेडसेट घालून चारही कडांपर्यंत हळूहळू चालत जावे. जाळी दिसताच थांबून हात पुढे करावा. हात खऱ्या भिंतीला लागत असेल, तर आखणी पुन्हा करावी.