क्षयाचा माग (लेखांक ४) : बेडक्यातला पुरावा

पनवेलमध्ये १८७२ साली श्री धूतपापेश्वरचा आयुर्वेदिक औषधांचा कारखाना सुरू झाला, तेव्हा वैद्यमंडळी क्षयाला राजयक्ष्मा म्हणत. खोकला, ताप, रक्त पडणं, अंग झिजत जाणं ही त्याची लक्षणं चरकसंहितेपासून माहीत होती. तो कशानं होतो, हे मात्र जगात कुणीच सिद्ध केलं नव्हतं. दहा वर्षांनी, २४ मार्च १८८२ रोजी, बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू शोधल्याचं जाहीर केलं.

जंतू सापडला, औषध यायला आणखी साठ वर्षं लागली. त्या मधल्या काळात आनंदीबाई जोशी गेल्या. आजच्या रायगड जिल्ह्यातल्या अलिबागेत त्यांचे संसाराचे सुरुवातीचे काही दिवस गेले होते. मार्च १८८६ मध्ये अमेरिकेत त्या डॉक्टर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयानं वारल्या. बाविसावं वर्षही पुरं झालं नव्हतं. छातीचा फोटो काढायचं यंत्र तेव्हा नव्हतं. क्ष-किरणांचा शोधच १८९५ चा. आणि क्षयावरचं औषध, स्ट्रेप्टोमायसिन, तर १९४३ साली हाती आलं.

आज तपासणी आहे, औषधही आहे. तरी हा रोग वेळ खातो, कारण तो मुळातच संथ आहे.

फुप्फुसाचा क्षय झालेला माणूस खोकतो तेव्हा जंतू सूक्ष्म थेंबांतून हवेत जातात आणि कोंदट खोलीत बराच वेळ तरंगत राहतात. ताट-वाटीनं किंवा शिवल्यानं हा रोग लागत नाही. तो लागतो एकाच हवेत दिवसेंदिवस श्वास घेतल्यानं. श्वासातून आत गेलेल्या जंतूंना शरीराच्या पेशी वेढा घालतात. बहुतेकांच्या बाबतीत हा वेढा जन्मभर टिकतो. लागण झालेल्या शंभरांपैकी पाच ते दहा जणांनाच पुढे कधीतरी रोग होतो. पोट भरत नसेल, मधुमेह किंवा एचआयव्ही असेल, तर वेढा फुटण्याचा धोका वाढतो. पनवेल-नवी मुंबईच्या पट्ट्यातल्या दगडखाणींत काम करणाऱ्यांना आणखी एक धोका असतो : दगडाच्या बारीक धुळीनं फुप्फुसं आधीच खरवडलेली असतात.

मग संध्याकाळी कणकण येऊ लागते, रात्री घामानं अंथरूण भिजतं, जेवण जात नाही, कपडे सैल होतात. खोकला तर ‘हवा बदलली’ म्हणून खपून जातो. मानेतल्या गाठी, पाठीचा मणका, पोट, मेंदूचं आवरण अशा जागीही क्षय होतो. तिथं खोकला नसल्यानं संशयच उशिरा येतो.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर बेडका तपासायचा, हा सरकारी कार्यक्रमाचा साधा नियम. तोंडातली लाळ चालत नाही. छातीतून, खोल खोकून काढलेला बेडका लागतो. सकाळचा नमुना उत्तम, आणि तो द्यायचा मोकळ्या हवेत. काचपट्टीवर जंतू दिसायला एका मिलिलीटर बेडक्यात ते हजारोंनी असावे लागतात, त्यामुळे सुरुवातीचा रोग निसटतो. जंतू वाढवून पाहायचा तर काही आठवडे जातात, कारण एकाचे दोन व्हायलाच त्याला पंधरा-वीस तास लागतात.

जनुकीय तपासणीनं हे दिवस तासांवर आणले. सीबीनॅट हे यंत्र दोन तासांच्या आसपास निकाल देतं आणि रिफॅम्पिसिन हे मुख्य औषध लागू पडेल की नाही, तेही सांगतं. गोव्यातल्या मोलबायो कंपनीचं ट्रूनॅट बॅटरीवर चालतं, म्हणून ते लहान आरोग्य केंद्रातही ठेवता येतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली त्याला मान्यता दिली.

यंत्र वेगवान झालं, पण पहिल्या खोकल्यापासून बेडक्याच्या डबीपर्यंतचा काळ अजून माणसाच्या हातात आहे. खोकल्याच्या बाटल्या बदलत तो लांबला, की त्याच खोलीत झोपणारी मुलं तेवढे दिवस तीच हवा घेत राहतात. म्हणून फुप्फुसाचा क्षय निघाला, की घरातल्या प्रत्येकाची तपासणी व्हायला हवी.

(पुढील लेखांकात : महिन्याभरात ताप उतरतो, वजन वाढू लागतं, तरीही गोळ्या सहा महिने का?)