परसदाराची कडी

परसदाराची कडी घरातल्याच कुणी काढली, तर पुढच्या कुलपाचा काय उपयोग? संगणकातल्या 'बॅकडोअर'चे तसेच आहे. १९९८ च्या ऑगस्टमध्ये 'कल्ट ऑफ द डेड काउ' या अमेरिकी हॅकर गटाने 'बॅक ऑरिफिस' हा प्रोग्रॅम आणला. त्याचा एक भाग साध्या फाइलला चिकटून विंडोज ९५ किंवा ९८ मध्ये शिरे. ती फाइल मालकच उघडत असे. मग रजिस्ट्रीत नोंद करून तो संगणकाबरोबर गुपचूप जागा होई, हुकमाची वाट पाही. दुसरा भाग परक्याच्या हाती. तो दूर बसून फायली वाचू, पुसू शके. दाबलेली अक्षरेही टिपू शके. विंडोज बदलले, रीत तीच आहे. माझ्या अप्रकाशित कविता चोराने वाचल्या, तर मला एक वाचक मिळेल. तुमचा बँकेचा पासवर्ड वाचला तर? अनोळखी फाइल उघडू नका.