घरची जुनी होडी आणि घराचे आरोग्य

कोकणात खाडीकाठच्या कित्येक घरांच्या मांगरात एखादी जुनी लाकडी होडी पालथी घातलेली असते. वडीलधाऱ्यांनी ती हौसेने बांधून घेतलेली असते. मुले नोकरीनिमित्त मुंबई-पुण्यास गेली की तिच्याकडे कोणी फिरकत नाही, आणि 'विकून टाकू, नाहीतर सरपणाला तरी जाईल' हा विचार घरात बळावतो. लाकूड कुजले असेल, तर तो विचार रास्तच होय. अणकुचीदार टोचा सहज आत शिरू लागला, की त्या फळीत जीव उरलेला नाही असे समजावे. परंतु फळ्या धड असतील, तर निर्णय घेण्यापूर्वी एका डॉक्टरचे चार शब्द ऐकावेत, अशी विनंती आहे.

सहलीसाठी होडी भाड्यानेही मिळते. मग जुनी होडी राखण्याचा लाभ कोणता? माझ्या मते, पाण्यावरच्या दोन तासांइतकाच तो त्यामागील वर्षभराच्या निगराणीत असतो. पावसाळ्यापूर्वी होडी किनाऱ्यावर ओढून झापांखाली झाकायची. नारळी पौर्णिमेनंतर, समुद्र शांत होऊ लागला, की तळाला चिकटलेले शंखशिंपले खरवडायचे, सैल खिळे बदलायचे, तेलाराळेत भिजवलेला कापसाचा पीळ फळ्यांच्या फटींत ठोकून बसवायचा आणि लाकडाला तेल द्यायचे. कोरड्या पडलेल्या फळ्या पाण्यात फुगेपर्यंत होडी थोडी पाझरतेही. तेव्हा पाणी उपसत धीर धरायचा. हे काम एकट्याचे नव्हे आणि एका दिवसाचेही नव्हे.

प्रौढांनी आठवड्यास किमान 150 मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. दवाखान्यात हा आकडा ऐकून बहुतेक रुग्ण मान डोलावतात आणि दुसऱ्या आठवड्यात चालणे सोडतात. खरवडणे, घासणे, तेल चोळणे या कामांत मात्र वेळ मोजावा लागत नाही. वल्हवताना पाय, कंबर, पाठ आणि खांदे एकदमच कामाला लागतात, शिवाय गुडघ्यांवर शरीराचा भार पडत नाही.

मुलांचा लाभ निराळा. जी मुले दिवसाचा पुरेसा वेळ उघड्यावर घालवतात, त्यांच्यात लघुदृष्टिदोष कमी आढळतो, हे आता सर्वमान्य आहे. त्यातच आजोबांकडून भरतीचा हिशेब शिकता येतो. तिथीचा आकडा पाऊणपट केला, की पूर्ण भरतीची वेळ ढोबळमानाने मिळते. अष्टमीस सहा वाजता, पौर्णिमेस सव्वाअकराच्या सुमारास. भ्रमणध्वनीत डोके खुपसून बसलेला नातू हा हिशेब पडताळण्यासाठी खाडीवर धावत जातो, तेव्हा आजोबांचे शब्द त्याच्या लेखी मोलाचे ठरतात.

माझ्या परिचयातील एका निवृत्त शिक्षकांची पत्नी तीन वर्षांपूर्वी निवर्तली. त्यांची झोप उडाली, जेवणावरची वासना गेली, बोलणे जवळजवळ थांबले. घरची होडी विकण्याचे ठरत असताना त्यांच्या कन्येने सुचवले, 'बाबा, विकण्याआधी एकदा नीट करून पाहू या.' गुरुजींना फळ्यांच्या फटी भरण्याची रीत ठाऊक होती. घरात दुसऱ्या कोणालाच नव्हती. त्या दिवाळीत तीन पिढ्या एकत्र बसून खपल्या. गुरुजींच्या रक्तदाबाच्या गोळ्या आजही चालू आहेत, आणि नैराश्यावरील उपचारही त्यांनी पूर्ण केले. होडीने औषधाची जागा घेतली, असा दावा मी करणार नाही. तथापि सकाळी उठण्यास त्यांना कारण मिळाले, आणि ते कोणत्याही चिठ्ठीवर लिहून देणे मला शक्य नव्हते. वृद्धांची काळजी घेणारे हात पुष्कळ असतात. त्यांची गरज भासणारे काम मात्र घरात क्वचितच उरते.

आता काही पथ्ये. काजूच्या टरफलांचे तेल लाकडास उत्तम, पण त्वचेस बिब्ब्यासारखेच दाहक. रबरी हातमोजे घातल्याखेरीज त्यास हात लावू नये आणि मुलांना त्यापासून दूर ठेवावे. जुन्या रंगांत शिसे असू शकते. म्हणून रंग कोरडा घासू नये, ओला करून घासावा, मुखपट्टी बांधावी आणि खपल्या गोळा करून टाकाव्यात. गर्भवती स्त्रिया व लहान मुलांनी तेथे थांबू नये. धनुर्वाताची लस घेऊन दहा वर्षे झाली असल्यास पुन्हा घ्यावी. गंजक्या खिळ्याची जखम झाल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. हृदयविकार किंवा कंबरदुखी असलेल्यांनी होडी ओढू नये. ते काम गोल ओंडक्यांवर आणि अनेक हातांनी व्हावे.

पाण्यात उतरण्यापूर्वी बंदर कार्यालयात नोंदणीची चौकशी करावी. पोहता येवो वा न येवो, प्रत्येकाने मापाचे जीवरक्षक जाकीट घालावे. मद्यपान करून वल्हे हाती घेऊ नये. दुर्दैवाने कोणी बुडालेच, तर त्यास उलटे धरून किंवा पोट दाबून पाणी काढण्यात वेळ दवडू नये. श्वास थांबला असल्यास प्रथम तोंडाने श्वास द्यावेत, नंतर छातीवर दाब देत दोन्ही आळीपाळीने चालू ठेवावे आणि दुसऱ्याने 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ही क्रिया घरातील दोघांनी तरी आधीच शिकून घ्यावी.

एवढी तयारी असेल, तर येत्या सुट्टीत मांगराचे दार अवश्य उघडावे. प्रथम फळ्या टोचून पाहाव्यात, एखाद्या जाणत्या सुताराचे मत घ्यावे. मग घरातील सर्वांत वयस्क व्यक्तीस विचारावे, 'सुरुवात कोठून करायची?'